सासऱ्यांची अर्जुनसाल

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकही गोष्ट तपासल्याशिवाय मान्य केली असेल, असं मला वाटत नाही. बुटीबोरीच्या एका गिरणीत धागा ताणून त्याची ताकद मोजायची त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर ते जगालाच ताणून पाहू लागले. लग्नाआधी मी सांगितलेली उंची त्यांनी मला दाराच्या चौकटीशी उभं करून पडताळली होती. "दीड सेंटिमीटर जास्त सांगितली तुम्ही," एवढंच म्हणाले आणि मुलगी दिली.

मागच्या हिवाळ्यात त्यांना धाप लागू लागली, पाय सुजले. हृदय अशक्त झालंय, असं धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, मीठ गेलं. सासूबाईंनी गावाकडून अर्जुनाची साल मागवली. त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही लहान अभ्यासांत थोडा फायदा दिसलाय, पण पुरावा अपुरा आहे. घ्या हवं तर, पण गोळ्या बंद करायच्या नाहीत."

'पुरावा अपुरा' ऐकताच सासऱ्यांचे डोळे चमकले, जणू कुणी पुन्हा कामावर बोलावलं. ठरलं: गोळ्या रोजच, पण साल एक महिना दुधात उकळून घ्यायची, एक महिना नाही. रोज सकाळी वजन, गच्चीच्या कितव्या पायरीवर दम लागतो ते, आणि घोट्यावर अंगठा दाबला की खळगा किती वेळात भरतो ते. मग दुपारभर हिवाळ्याच्या उन्हात डोळे मिटून ते स्वतःचे ठोके ऐकत बसत. शेजारी बसलं की आपलेही ठोके हळूहळू संथ होताहेत असं वाटे.

दोन महिन्यांनी जेवताना त्यांनी निकाल दिला, "साल बेकार आहे. बंद केली तरी तब्येत तशीच."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "बेकार काहून? रोज तर टाकून राहिली ना मी, तुमच्या आल्याच्या चहात!"

"काहून वं?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"मले भेव वाटलं."

मला वाटलं, आता प्रयोग पहिल्यापासून सुरू होणार. झाला नाही. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून झालं. गोळ्या चालू आहेत, सालही.

परवा गच्चीवर मी विचारलं, "मग सालीचा गुण आहे की नाही?" शेजारी सासूबाई सतरंजीवर डुलक्या घेत होत्या. सासऱ्यांनी आवाज खाली आणला. "थांबवून पाहिल्याबिगर समजत नाई, जावईबापू. पण थांबवली का हिची झोप उडते."

ऊन सरकून सासूबाईंच्या डोळ्यांवर आलं होतं. सासरे थोडे पुढे सरकले आणि त्यांच्यावर सावली पडेल असे बसून राहिले.