काका बावीसवर आले

अमेरिकेतल्या आमच्या डब्लिनच्या शूटिंग रेंजला लागून एक दुकान आहे आणि त्या दुकानात गोळ्यांची एक अख्खी भिंत आहे. ओहायोतल्या माणसांचा कल कुठे आहे हे कळायला ती भिंत पुरते. अर्ध्याहून जास्त भिंत नाइन मिलिमीटरची. स्वस्त, हाताला झटका बेताचा, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त मावतात, त्यामुळे शिकाऊ पोरीपासून पोलिसापर्यंत सगळे नाइनवाले. फॉर्टीला एके काळी पोलिसांनी डोक्यावर घेतलं होतं. त्यांनीच खाली उतरवल्यापासून वापरलेल्या पिस्तुलांचं काचेचं कपाट फॉर्टीने भरलंय आणि तिला कुत्रं विचारत नाही. फॉर्टी-फाइव्हला दोन फळ्या. तिथे पांढऱ्या मिशांचे म्हातारे रेंगाळतात आणि नाइन घेणाऱ्याकडे सासू नव्या सुनेच्या पोळ्यांकडे बघते तसं बघतात. थ्री-एटी पर्समध्ये मावणारी. आणि सगळ्यात खाली, गुडघ्याच्या उंचीवर, ट्वेंटी-टू. पाचशे गोळ्यांचे डबे, पोरांना शिकवायला.

खरं तर आकडा म्हणजे गोळीची जाडी, दुसरं काही नाही. पण माणसाला आकडा मिळाला की तो कपाळाला लावून फिरतो. आम्हीही फिरलो.

आम्ही म्हणजे एक पुण्याचा, एक मुंबईचा, एक नागपूरचा, मी कोल्हापूरचा आणि काका. आम्ही चौघं पन्नाशीतले, कंपन्यांमध्ये कॉम्प्युटरपुढे बसून पाठ गेलेले. शनिवारी सकाळी रेंजवर जायचं, तासभर बार उडवायचे, मग कोणाच्या तरी घरी मिसळ. काका अठ्ठ्याहत्तरचे. आयुष्यभर पुलांचे इंजिनिअर होते. या गावात आमच्यापैकी कोणी नव्हतं तेव्हापासून ते इथे आहेत. मी पहिल्यांदा विमानतळावर उतरलो तेव्हा थर्मासमध्ये चहा आणि त्यांच्या मुलाचा जुना कोट घेऊन तेच उभे होते. मुलगा आता तिकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असतो, रविवारी फोन करतो, इंग्लिशमध्ये. मी सांगतोय त्या गेल्या वर्षी काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. शनिवार सोडला तर काकांशी बोलायला टीव्ही होता.

पिस्तुलाचा नाद आम्हाला काकांनीच लावला. त्यांच्याकडे फॉर्टी-फाइव्ह होती, ऐन उमेदीत घेतलेली. तिला ते पंचेचाळीस म्हणत. त्यांच्या कुठल्याशा गोऱ्या मुकादमाने त्यांना सांगितलं होतं की पुरुषाने हीच चालवावी, आणि काकांनी ते गुरुमंत्र घेतल्यासारखं घेतलं होतं. आम्ही तिघांनी मुकाट्याने नाइन घेतली. मुंबईवाला हौसेने फॉर्टी घेऊन आला आणि महिन्याभरात त्याचं इतकं हसं झालं की विकून तोही नाइनवर आला. त्या वेळी नागपूरवाला म्हणाला होता, "गोऱ्यांनी निसते नंबर लिहिले बे डब्यावर. तुम्ही त्याचीपण उतरंड मांडली. तुम्हाला वर-खाली केल्याशिवाय झोप येत नाही यार." तो बौद्ध आहे. तो हे हसत म्हणाला, आणि आम्हीही हसलो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात काकांचं मनगट बोलू लागलं. संधिवात. पंचेचाळीस उडाली की हात वर जायचा आणि तो धक्का येणार म्हणून पुढच्या वेळी ते आधीच नळी खाली दाबायचे. गोळी जमिनीत. एकदा, दोनदा. मी मागे उभा होतो. मी म्हणालो, "काका, टार्गेट समोर आहे. खाली उंदीर दिसला का?" सगळे हसले, काकाही. रेंज ऑफिसर मात्र हसला नाही. आमची मेंबरशिप एकत्र होती. पुन्हा असं झालं तर सगळ्यांची रद्द, असं त्याने सांगितलं.

माझ्या जिभेला हाड नाही हे माझी बायको लग्नापासून सांगते. मला ते भूषण वाटत आलंय.

काका नाइनवर आले. "या काका, जनतेत या," मी म्हणालो. नाइनवर दहा-बारा गोळ्यांपर्यंत त्यांचा हात टिकायचा, मग ठणकायला लागायचा. मग दुकानातल्या पोराने त्यांच्या गळ्यात थ्री-एटी मारली, वयस्करांना हलकी पडते म्हणून. गोळी हलकी होती हे खरं, पण पिस्तूलही मुठीएवढं, वजन नाही, त्यामुळे सगळा झटका हातातच. नवखे यात नेहमी फसतात. काकांच्या अंगठ्याजवळची कातडी पहिल्याच दिवशी सोलवटली. रुमाल बांधत होते तेव्हा मी म्हणालो, "काकूंची पर्स पण आणलीत का हो?"

काका रुमालाची गाठ मारत होते, ती त्यांनी नीट मारली. "आणली असती रे," ते म्हणाले, "पण तिने कुठे ठेवलीय ते सापडत नाही." आणि हसले. मी तेवढ्यावरच सुटलो. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण पुण्याचा तोंड फिरवून हसत होता आणि ते वाईट वाटण्यापेक्षा मला जास्त आवडलं.

सप्टेंबरात ते ट्वेंटी-टूवर आले. पंचेचाळीस, नऊ, थ्री-एटी, मग बावीस. मी तिला बालवाडी म्हणायला लागलो. "काका, डबा आणलात का? शू लागली तर सांगा." झटका जवळजवळ नाही, मनगट शांत, आणि या माणसाने चाळीस वर्षं पुलांच्या रेषा पाहिलेल्या. त्यांनी पंधरा यार्डांवर कागद लावला आणि दहा गोळ्या एका पुरीएवढ्या जागेत घातल्या. शेजारच्या लेनमधला एक दांडगा गोरा, कमरेला फॉर्टी-फाइव्ह लावलेला, वाकून बघायला आला. "नाइस ग्रुप, सर," म्हणाला. गोळ्या अशा एका ठिकाणी लागल्या की त्याला ग्रुप म्हणतात. मग त्याने माझ्या कागदाकडे पाहिलं. माझी भोकं देवीच्या व्रणांसारखी कुठेही होती. तो परत आपल्या लेनमध्ये गेला.

त्याच आठवड्यात मी फोनवर नवा ग्रुप काढला. त्यात काका नव्हते.

बाकीच्यांना मी सांगितलं की ट्वेंटी-टूवाल्या म्हाताऱ्याला घेऊन लेनमध्ये उभं राहायला लाज वाटते, लोक बघतात. पुण्याने लगेच अंगठा टाकला. मुंबईवाल्याने थोड्या वेळाने टाकला. नागपूरवाला लिहून गेला, "मी नाही बुवा असल्यात," आणि ग्रुपमधून निघून गेला. त्यानंतर तो रेंजवरही येईनासा झाला. जुन्या ग्रुपवर काका शुक्रवारी विचारत, उद्या किती वाजता? मी लिहायचो, "उद्या कॅन्सल केलंय काका, सगळे बिझी." दोन शनिवार असे गेले. काका दोन्ही वेळा हात जोडलेलं चित्र टाकून "नो प्रॉब्लेम" लिहीत.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्यात खंडेनवमी काकांच्या घरी होते. काकू होत्या तेव्हापासूनची पद्धत. आम्ही आपापली पिस्तुलं घेऊन जायचं. काका प्रत्येकाचं मॅगझिन काढून, नळी रिकामी आहे ना ते स्वतः बोट घालून बघून, बेसमेंटमध्ये पाटावर लाल कापडावर मांडायचे. हळदकुंकू, झेंडू, नारळ. नागपूरवाला पूजेला नसायचा, जेवायला मात्र हक्काने यायचा. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून पिस्तुलं रात्रभर तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी काका उत्तरपूजा करून ती परत द्यायचे, सोनं वाटायचे आणि आम्ही सगळे एकाच गाडीतून रेंजवर. हेच आमचं सीमोल्लंघन. इथे आपटा कुठला, परसातल्या रेडबडच्या झाडाची पानं काका खुडून ठेवायचे. तोवर ती पिवळी झालेली असतात.

गेल्या वर्षी दसरा शनिवारी आला. आम्ही गुरुवारीच नव्या ग्रुपवर दहाचा स्लॉट घेतला होता, तिघांचा. शुक्रवारी सवयीने पूजेला गेलो, पिस्तुलं पाटावर ठेवली, शिरा खाल्ला, काकांना सांगितलं की या वर्षी सीमोल्लंघन जमत नाही, आणि घरी आलो. घरी आल्यावर मुंबईवाल्याचा मेसेज, "अरे, गन्स तर त्यांच्याकडेच आहेत ना?" इंजिनिअर म्हणे आम्ही.

ठरलं की एकेकाने जायचं, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळं कारण सांगून. मी सगळ्यात शेवटी गेलो, साडेनऊला.

काका तयार होते. रेंजवर जायचे कॅनव्हासचे बूट, टोपी, स्वच्छ दाढी. पाटावर माझं पिस्तूल आणि त्यांची बावीस, एवढंच राहिलं होतं. माझ्या पिस्तुलावरचं कुंकू पुसून तेलाचा हात फिरवून ठेवलेला होता, पेटी उघडी. त्यांनी माझ्या हातात पिवळं पान दिलं. मी वाकून नमस्कार केला. उठतो तोवर ते म्हणाले, "पुण्याला क्लीनिंग करायचंय. मुंबईवाल्याच्या मेव्हण्याला गन बघायचीय. तुझं काय?"

मी म्हणालो, "काका, ती नेमाची साइट जरा..."

"असू दे." ते पाटापाशी स्टुलावर बसले. "एकच विचारतो, खरं सांग. मी बावीस चालवतो म्हणून, की म्हातारा झालो म्हणून?"

खरं उत्तर दोन्हींतलं नव्हतं. खरं उत्तर पुरीएवढं होतं, त्या कागदावर. काका, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मारता आणि मला ते त्या गोऱ्यासमोर सहन झालं नाही. किंवा तेही न सांगता नुसतं म्हणायचं होतं, चला काका, टोपी घातलीयच तर बसा गाडीत. दार उघडं होतं, गाडी चालू होती. मी घड्याळ पाहिलं.

"बावीसमुळे, काका," मी म्हणालो. "लोक हसतात हो. आम्हाला ऑकवर्ड होतं."

मला वाटलं होतं ते कोसळतील. त्यांचा चेहरा चक्क खुलला. "एवढंच ना?" ते म्हणाले. "मग ते बदलता येतं. मला वाटलं..." काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. दारापर्यंत सोडायला आले आणि हात हलवत उभे राहिले. रेंजवर मी त्यांच्या टोपीची नक्कल केली. दोघं हसले. मीही पोटभर हसलो.

डिसेंबरात नागपूरवाल्याचा फोन आला, किती तरी दिवसांनी. औषधाच्या दुकानात त्याला काका भेटले होते, उजव्या मनगटाला पट्टा. कपाटातली पंचेचाळीस काढून ते दर बुधवारी लांबच्या दुसऱ्या रेंजवर एकटेच जातात. दोन-तीन गोळ्या झाल्या की हात सुजतो, मग बर्फ लावून पार्किंगमध्ये बसतात आणि पुन्हा आत जातात. डॉक्टरने बंद करा म्हणून सांगितलंय. "ते मला म्हणे, पोरांत परत जायचंय," नागपूरवाला म्हणाला. "तू त्यांना खरं सांग. नाहीतर मी सांगतो."

"सांग," मी म्हणालो.

"काय सांगू?" तो म्हणाला. "की काहीही चालवलं तरी तुम्हाला घेणार नाहीत?" शिवी देऊन त्याने फोन ठेवला. त्याने सांगितलं नाही. मीही नाही.

परवा काकांचाच फोन आला. आवाजात उत्साह होता. आदल्या बुधवारी सहातल्या चार कागदावर लागल्या म्हणे, मात्र रात्री चमचा धरवेना, डाव्या हाताने जेवले. मग जरा चाचरत म्हणाले, "एक विचारू का? नाइन चालेल का रे? आता तुम्ही सगळे तीच वापरता. नाइन मला थोडी तरी झेपते. तेवढ्यावर येऊ का मी?"

नाइन कोणाला चालत नाही? अर्धी भिंत तिची आहे. एक हो म्हटलं असतं तर हा माणूस या शनिवारी माझ्या शेजारी उभा राहिला असता, आणि महिन्याभरात पुन्हा माझ्यापेक्षा चांगला मारू लागला असता.

"नाही काका," मी म्हणालो, "तुम्हाला पंचेचाळीसच शोभते."