पांडाचं नाक

“कडेक धर गो! पोटार बोट लाव नको!”

आमच्या शेजाऱ्यांकडे नाणं बघायला मागितलं की आधी ही ओरड मिळे, मग नाणं. तान्हं मूल दुसऱ्याच्या हातात देताना बाळंतीणसुद्धा इतकी घाबरत नाही.

मालवणात माझी खानावळ. मागच्या घरात हे काका एकटे राहत आणि दुपारचा डबा माझ्याकडून घेत. जन्मभर मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. बाकीचे खलाशी बंदरात उतरून दारू शोधत, हे चांदीची जनावरं शोधत. चीनचा पांडा, ऑस्ट्रेलियाचा कांगारू, आपल्या खंड्याचा कुणी जाडा चुलतभाऊ. कुठल्याशा बेटाच्या नाण्यावर तर चक्क मांजर. “मांजर बघूक येवढ्या लांब कित्याक गेलास?” असं मी विचारलं, तर दोन दिवस डबा जसाच्या तसा परत आला. अशी एकूण अकरा नाणी.

बाजारात त्यांचं नाव ‘कांदेकापू’. मासळीवाल्या हाका मारत, “काय कांदेकापू, आज खंयचा जनावर?” ते हसत. पण हसताना दात दिसत नसत, हे तुमच्यामाझ्यासारख्या बघणाऱ्यांच्या लक्षात येतंच.

दोन हजार चारच्या सुमारास पणजीच्या एका नाणेप्रदर्शनवाल्यांचं पत्र आलं. एक गृहस्थ नाणी बघायला येणार होते. पसंत पडली तर काचेच्या पेटीत मांडणार, खाली नावाची पाटी. काका कोरा पुठ्ठा घेऊन माझ्याकडे आले.

“तुझा अक्षर बरा आसा. नाव लिही. खाली लिही, संग्राहक.”

“पाटी तेच करतले ना, काकानू?”

“करूंदेत. माका आधी बघूचा आसा, कसा दिसता ता.”

लिहून दिलं. तो पुठ्ठा आठवडाभर त्यांच्या आरशाला टेकून उभा होता.

गृहस्थ आले ते नेमके चतुर्थीच्या आधल्या दिवशी. काका त्यांना आणायला एस.टी. स्टँडवर गेले. नाणी डब्यांतून काढून पांढऱ्या फडक्यावर मांडलेली, घराची किल्ली माझ्याकडे. मी डबा ठेवायला गेले, तर अर्ध्या नाण्यांवर खाऱ्या हवेचे काळे डाग. पाहुणा यायचा आणि ही कळा? माझ्या घरी गणपतीची भांडी घासणं चालूच होतं. आमसुलाचं पाणी आणि चुलीतली राख घेऊन आले आणि अकराही जनावरं लखलखीत केली. पांडाच्या डोळ्यांभोवतीचा काळेपणासुद्धा इमानदारीने घासला. तो निघेना, तेव्हा नाकावर जोर दिला.

गृहस्थांनी भिंग लावलं. एक नाणं, दुसरं, तिसरं. मग भिंग खिशात गेलं.

“ही घासलीत कुणी? वरची मूळ झळाळी गेली सगळी. चांदी म्हणून ठीक आहेत, पण प्रदर्शनात नाही घेता येणार.”

काकांनी माझ्या हातांकडे बघितलं. आमसुलाने बोटं लालभडक. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, “मियाच घासलंय. चतुर्थी इली ना.”

“तुम्ही? आणि म्हणे संग्राहक!”

“संग्राहक खंयचो? कांदेकापू मी. चला, जेवूक बसा. काळ्या वाटाण्याची आमटी आसा.”

पाहुणा दोनदा भात घेऊन, जेवून गेला. मी म्हटलं, “काकानू, माझा चुकला.”

“चुकला ता चुकला. पण त्या पांडाचा नाक तरी सोडूचा होता, गो!”

त्यानंतर नाण्यांचा धाक संपला. शेजारची पोरं हत्तीच्या सोंडेवर खुशाल बोटं फिरवीत. ओट्यावर कॅरम आला आणि स्ट्रायकर म्हणून कांगारू. वजनदार होता, सोंगट्या फाडफाड उडत. मासळीवाल्याही चार वाजता खेळायला येऊ लागल्या. ‘कांदेकापू’ तसंच राहिलं, पण आता काका दात दाखवून हसत.

दोन हजार नऊमध्ये गेले. दुपारी, डबा खाऊन. बाराव्याला त्यांचा मुंबईचा मुलगा नाणी चाळत बसला होता.

“बाबांना शेवटी काही कळत नव्हतं बहुतेक. एवढा ठेवा, स्वतःच्या हाताने घासून वाट लावली.”

पाच वर्षं मी गप्प होते. त्यात माझी सोय होती, दुसरं काही नाही.

“तुझ्या बाबांना सगळं कळत होतं,” मी म्हटलं. “नाणी मी घासली.”

मी रिकामी पातेली उचलली आणि ओट्यावरून निघाले. कॅरमवर शेवटचा डाव तसाच होता. क्वीन मध्यभागी, चार काळ्या शिल्लक, आणि पावडरीत पालथा पडलेला कांगारू.