फ्रिजच्या दारातली बाटली

"टाइप वन डायबिटीस आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मानसीने शर्वीचे कान दोन्ही हातांनी झाकले.

इरा, कबीर, तुमची ही चुलत बहीण आठ वर्षांची आहे. आईचे हात गार पडलेत, एवढंच तिला कळलं. तुम्ही दोघं फोनवर विचारता तेव्हा मी "ठीक आहे" म्हणून मोकळी होते, म्हणून तुमची आजी हे लिहून पाठवते. उद्या तुमच्या जवळच्या कुणाला असं झालं, तर उपयोगी पडेल.

टाइप वन म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीर स्वतःच मारून टाकतं. मग रक्तातली साखर अंगाला लागत नाही. हा आजार गोड खाऊन होत नाही आणि गोळ्यांनी जात नाही. इन्सुलिन बाहेरून टोचायचं, रोज, जन्मभर. 'जन्मभर' लिहायला मला वेळ लागला.

त्याआधी तीन आठवडे ती सारखी पाणी मागत होती. उन्हाळा समजून मी कोकम सरबत देत राहिले, साखर घालून. गादी ओली केली तेव्हा रागावलेसुद्धा.

हॉस्पिटलात सहा दिवस गेले. नर्सने आम्हाला आधी संत्र्यावर सुई टोचायला शिकवलं. घरी आल्यावर दुपारचं इंजेक्शन माझ्याकडे आलं, कारण तुमचा काका नितीन आणि मानसी दोघंही नोकरीला जातात. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई मी. लगेच डोसच्या वेळांचा तक्ता करून भिंतीला लावला.

गुरुवारी सकाळी ते दोघं गेल्यावर उत्तनची मासळीवाली मावशी आली. "आजी, पापलेट ताजा हाय. पोरीला चालतो ना?"

"चालतो. मासळीत कुठे साखर?"

"मंग दोन घे. पार वाळली गं पोर."

मासळीला मीठ-हळद लावून पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. समोर दारात इन्सुलिनची बाटली. औषध मासळीच्या वासात नको, म्हणून मी ती बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये अगदी आत ढकलली. जितकं गार तितकं चांगलं, असं वाटलं.

दुपारी काढली तर आत बर्फ झालेला.

मी बाटली तळहातात धरून वितळवली. औषध पूर्वीसारखंच स्वच्छ दिसलं. तेच शर्वीला टोचलं, बाटली परत दारात ठेवली आणि तक्त्यावर खूण केली. मानसीला सांगितलं नाही. सरबतावरून ती आधीच कमी बोलत होती.

सकाळ-संध्याकाळचे डोसही त्याच बाटलीतून जात राहिले, आणि शुक्रवारी साखर चारशेच्या वर गेली. शनिवारी सकाळी शर्वीला उलट्या सुरू झाल्या. रक्तात कीटोन्स वाढले होते. इन्सुलिन मिळालं नाही की शरीर चरबी जाळतं, तेव्हा हे विष साठतं. पुन्हा तोच वॉर्ड, हाताला पुन्हा सलाइन.

डॉक्टर फाइल चाळत म्हणाले, "डोस वेळेवर दिसतायत. मग वाढवावा लागेल." नितीनने मान हलवली.

तेव्हा मी सांगितलं. सगळं, वितळवल्यासकट.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, आजी. बघून कळत नाही. बरं झालं बोललात. मी डोस वाढवला असता, घरी तुम्ही नवी बाटली उघडली असती, आणि हिची साखर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपली असती."

मानसी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, त्याच दिवशी एक फोन करायचा होता."

घरी परतल्यावर दुपारचं इंजेक्शन द्यायला मानसी महिनाभर सुट्टीवर राहिली. शर्वीने फ्रिजवर कागद चिकटवला: 'आजीने दाराला हात लावू नये.' तुमची शर्वी अशीच आहे, हसू नका. मी तो काढला नाही.

सुट्टी संपली त्या सोमवारी मानसीने निघताना फक्त एवढंच म्हटलं, "दीड वाजता." दुपारी शर्वी माझ्यासमोर फ्रॉक वर करून उभी राहिली. बोटावर टोचल्याच्या खुणा, पोटावर बारीक निळे डाग. हा आजार जाणार नाही, आणि माझी चूकही तिच्या फाइलमध्ये राहील. दोन्ही मी आता मान्य केलंय.

"बाटली कुठून काढलीस?" तिने विचारलं. ती रोज विचारते.

"दारातून."

"मग दे."