पुस्तकातली ती जगली होती

नातीनं रुमालावर निलगिरीचं तेल शिंपडलं आणि त्या वासानं मला सोलापुरातलं ते दुपारचं थिएटर आठवलं. तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, क्षय झाला होता; खोकताना ती असाच निलगिरीचा रुमाल तोंडाशी धरायची. माणसांचं रक्त पिणाऱ्या बाईची एक कादंबरी ती सारखी वाचायची. त्यातली बाई कुणालाही न मारता उपाशी राहते आणि शेवटी बरी होते. त्यावरचा सिनेमा बघायला अक्का हट्टानं आली. पडद्यावर मात्र गावकऱ्यांनी त्या बाईला जाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं माझं मनगट घट्ट धरलं.

"पुस्तकात ती जगते की गं! हितं का मारली?"

"सिनेमा खोटा हाय, अक्का."

"मग पुस्तक खरं हाय न्हवं? सांग की!"

"व्हय," मी म्हणाले.

अक्का दिवाळीपर्यंतही राहिली नाही. ती फक्त गोष्टीबद्दल विचारतेय, असंच मला तेव्हा वाटलं होतं.