तारेपुरती इंग्रजी

अनसिंगच्या बाजारात लिंबाखाली एक मास्तर बसायचा. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचा, तीही तारेत येते तेवढीच. बॉर्न म्हणजे जन्मला, सीरियस म्हणजे लय आजारी, एक्स्पायर्ड म्हणजे गेला. आमच्यातलं कोणी चुकलं की तो आपल्याच मांडीवर थापट मारून घ्यायचा. कुठला होता, नाव काय, कोणी इचारलं नाही.

तेव्हा तार म्हणजे मयत, असंच गाव समजायचं. बायको माहेरी धनजले गेली होती आणि माझ्या नावानं तार आली. लखोटा न फोडताच मायनं हंबरडा फोडला आणि सुतकाची आंघोळही करून टाकली. नशिबानं बाजाराचा दिवस होता. मी मास्तराकडे पळालो.

"वाचा ना, मास्तर!"

त्यानं हात मागं बांधले. "तूच वाच. मी वाचीन तं तू माह्या तोंडाकडे पाहून राह्यशीन. ते लय वाईट असते, गड्या."

बोट ठेवून वाचलं. सीरियस. कम. एक्स्पायर्ड कुठं दिसते का, म्हणून कागद उलटापालटा केला. नव्हतं. तसाच धनजले निघालो.

बायको बरी झाली. मायच्या आंघोळीचं ऐकून खाटेवरूनच म्हणाली, "पाणी तरी गरम केलं होतं का तुमच्या बुढीनं?"

पुढच्या बाजारी हे मास्तराले सांगितलं. तो हसला नाही. "तुही बायको तं जगली," म्हणाला आणि तोंड फिरवलं.

यंदा बायको गेली. तवापासून वाटते, मास्तराची कोण गेली होती ते इचारायले पाह्यजे होतं.