बांधावर बसायचा नियम

आज मी शाळेचा नियम मोडला, म्हणून ही पोस्ट.

माझी मुलगी ईरा दहा वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे. त्र्यंबक रोडला एका शेतावर विशेष मुलांची शाळा भरते, तिथे ती जाते. महिन्यातून एकदा पालकांना बोलावतात. आमच्यासाठी नियम एकच: बांधावर बसायचं, मुलांच्या कामात हात घालायचा नाही.

आज मेथीला पाणी घालायचं काम ईराकडे होतं. तिच्या वाफ्याजवळचा नळ घट्ट होता. तिने एका हाताने फिरवून बघितला, दोन्ही हातांनी फिरवून बघितला. बाकीच्या मुलांचे वाफे भिजूनही झाले. शेवटी मी उठले, नळ सोडला, झारी भरून तिच्या हातात दिली आणि नळ बंद केला.

तिने झारी तिथेच ओतून टाकली आणि पुन्हा नळ धरला.

मुलांसोबत शेतात काम करणाऱ्या मथुरामावशी म्हणाल्या, "ताई, मेथी काय आज मरत नाय. तिला नळ सोडायचा हाय. तुम्ही बसा तिकडं."

मी बसले. डब्याची सुट्टी संपत आली तेव्हा नळ सुटला. मावशींनी तिचा डबा झाकून ठेवला होता.

दुपारी घरी आल्यावर ईरा बेसिनपाशी गेली, हात पुढे केले आणि माझी वाट बघत उभी राहिली. घरचा नळ अगदी सैल आहे. तो रोज मीच सोडते.

शेतावर बसायला बांध आहे. घरात तुम्ही कुठे बसता?