पोचे काढलेलं यान

दोन हजार तेवीस साल. हिवाळा. तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि बुलढाण्यात ऊन वर आल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नव्हतं. त्या दिवसांत मी एक शहाणपणा केला. तो ऐका. चहा मात्र आधी संपवा. नंतर तो सांडेल, आणि सतरंजी माझी आहे.

मी पत्र्याचं काम करतो. धान्याच्या कोठ्या, पेट्या, कूलरच्या बॉड्या. शाळा चौथीपर्यंत. पण मी ठोकलेल्या कोठीवरून हात फिरवा, कुठे पोचा लागला तर कोठी परत आणा. आजवर एकही आली नाही.

माझा पुतण्या प्रदीप दिवसा कचेरीत कारकून असतो आणि संध्याकाळी परग्रहावर. विज्ञानकथा वाचणाऱ्यांची त्याची एक मंडळी आहे. सगळे नोकरीवाले, लेकराबाळांचे बाप. त्यांनी मंगल कार्यालयात मेळावा भरवायचं ठरवलं. यंत्रमानव, परग्रहावरचे प्राणी, यानं, सगळं मांडायचं होतं. थर्माकोल कापायला बसले की बोटं कापून घेणारी ही माणसं. म्हणून मांडणीचं काम माझ्याकडे आलं. मी एकच अट घातली. मांडणी मला शिकवायची नाही.

बैठक झाली. मंगळ ग्रह कुठे ठेवायचा? मी म्हणालो, स्टेजवर, नवरा-नवरी बसतात तिथे. यंत्रमानव वधूपक्षाच्या खोलीत. यान मधोमध, लोक आत शिरताच दिसलं पाहिजे. इथवर ठीक होतं. मग मंगळावर पाणी आहे की नाही यावर त्यांच्यात वाद पेटला. बँकेतला एक गृहस्थ तर घसा कोरडा पडेपर्यंत बोलला. आमच्या गल्लीत नळ कधी येईल हे सांगणारा त्यांच्यात एकही नव्हता. मी उठून घरी गेलो.

मी गेल्यावर यानाबद्दल काहीतरी ठरलं. मला कोणी सांगितलं नाही. मला काही सांगायचं नाही, हे मीच बजावून ठेवलं होतं ना?

प्रदीपने एवढं मात्र कानावर घातलं, की यान मलकापूरच्या कॉलेजातल्या प्रज्ञा नावाच्या पोरीने केलंय. दिवाळीपासून तेच करत होती. मुंबईहून चित्रपटांचे देखावे उभे करणारे एक साहेब मेळाव्याला येणार होते. त्यांना यान पसंत पडलं तर ते तिला हाताखाली घेणार होते. नाही पडलं तर तिच्या बापाने लग्नाचं बघायला सुरुवात केलीच होती.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सलीमच्या टेम्पोतून यान आलं. मंडळीतले सगळे आपापल्या नोकरीवर होते. चांगलं बैलगाडीएवढं. ताडपत्री काढली आणि मी कपाळावर हात मारला. एक बाजू चेपलेली. नाक वाकडं. पत्र्यात पोचे, एक तर घमेल्याएवढा. वर काळे डाग.

घाट चढून आलेली गाडी. मला काय कळायचं राहिलं? मी सलीमला धरलं. पोरीचं नशीब आणून राह्यला होता का सोयाबीनची पोती, असं आल्या-गेल्या सगळ्यांसमोर सुनावलं.

"चाचा, कसम से, मी असंच चढवलं होतं," तो म्हणाला. "तिकडूनच असं आलं."

"मले शिकवू नको बे. पत्रा कशानं चेपतो ते मले समजते."

तो आणखी बोलू लागला, तर मी त्याला खोटारडा म्हणालो. त्यालाच मी यान धरायला लावलं आणि कामाला लागलो. आतून लोखंडी ठोकळा, बाहेरून लाकडी मोगरी. एकेक पोचा काढला. नाक सरळ केलं. सांधे उघडले होते तिथे कथलाचा डाग देऊन जोडले. काळं घासून काढलं आणि वरून चंदेरी रंग मारला. दिवस मावळता यान असं झळकत होतं, की त्यात तोंड पाहून दाढी करावी. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत सुबक काम. हे मी आजही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने पोरगी आली. मी यानाशेजारी नवी टोपी घालून उभा. म्हटलं, आता पाया पडेल.

तिने यानाकडे पाहिलं. एक चक्कर मारली. पत्र्यावर हात फिरवला. पोचा कुठेच लागला नाही.

"हे कोणी केलं?"

"मीच. गाडीवाल्यानं पार वाट लावली होती पोरी. काळजी करू नको, काही द्यायचं नाही."

ती खुर्चीवर बसली. हळूच म्हणाली, "आजोबा, ते पडलेलं यान होतं. आभाळातून पडलेलं. तो प्रत्येक पोचा मी हातानं पाडला होता."

प्रदीपकडे पाहिलं, तर तो पंख्याकडे पाहत होता. मंडळीने बैठकीत हेच ठरवलं होतं. यान कोसळलेलं दाखवायचं, खाली लोणारचे दगड अंथरायचे.

सलीम दाराशी उभा होता. संधी सोडेल तो सलीम कसला?

"चाचा," तो म्हणाला, "आता लोणारले चालता का? तिथंही आभाळातून पडून मोठा पोचा आला आहे. तोही काढून टाका."

सगळे हसले. पोरगी सोडून. साहेब दुपारी येणार होते.

मी हातोडी उचलली. मीच काढले, मीच पाडतो. त्यात काय? पाच-पंचवीस घाव घातले आणि मागे सरून पाहिलं. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे पोचे. तांब्याच्या बंबाला पाडतात तसे. हाताला वळणच ते लागलेलं. पोरगी म्हणाली, "आजोबा, हा अपघात वाटत नाही. नक्षी वाटते." तिने स्वतः हातोडी घेतली, पण मी डाग देऊन सांधे इतके पक्के केले होते, की तिच्या हाताने पत्रा दबेना.

आता एकच उपाय उरला होता. मी सलीमकडे गेलो. यान टेम्पोत मोकळं टाकायचं, दोरी बांधायची नाही, आणि गिट्टीच्या खदानीकडच्या रस्त्याने न्यायचं-आणायचं. मी म्हणालो, गाडी जरा वाईट चालव.

"मी गाडी वाईट चालवत नाही," सलीम म्हणाला. "कालपासून लोकं म्हणून राह्यले, सलीमनं पोरीचं यान फोडलं. आधी ते बोला. सगळ्यांच्या समोर."

मी आत गेलो. टोपी काढली. सलीम खरा, खोटारडा मी, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. बँकेतल्याला ऐकू आलं नाही म्हणून त्याच्यासाठी परत बोललो. तो तोंडाला हिरवा रंग लावून बसला होता, आणि त्या अवतारात तो माझ्याकडे कीव केल्यासारखा पाहत होता!

यान टेम्पोतून बाहेर पडू नये म्हणून मागे कोणीतरी बसायला हवं होतं. कोण बसणार? मीच बसलो.

सलीमने जो टेम्पो हाणला, त्याचं वर्णन मी करणार नाही. खदानीच्या रस्त्यात खड्डे आहेत की खड्ड्यांत रस्ता, हे ठरवायलाही एक बैठक लागेल. यान माझ्यावर, मी यानावर. मध्येच जळक्या ऑइलचा डबा उघडला आणि आम्हा दोघांवर सारखाच सांडला. परत आलो तेव्हा यानाचं नाक वाकडं होतं, कूस चेपली होती. माझ्या कपाळाला टेंगूळ, सदरा फाटलेला, टोपी खदानीत.

पोरीने यान पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. दगडांवर ते कललेलं ठेवलं. मला चालवत नव्हतं. मी यानाच्या दाराशी त्या दगडांवरच बसलो, पाठ टेकली, मान टाकली, डोळे मिटले.

तेवढ्यात साहेब आले. पोरीचा बापही मागून आला. साहेबांनी यानाभोवती चकरा मारल्या. पोचे बोटांनी चाचपले. इतका खरा अपघात त्यांनी कुठे पाहिला नव्हता. पोरगीही खरं बोलणारी. म्हणाली, "मी केलेलं बिघडलं होतं, सर. हे पोचे रस्त्यानं पाडले." साहेब म्हणाले, रस्ता निवडणं हेच तर काम असतं. मग ते माझ्यासमोर थांबले.

"आणि हा म्हातारा वैमानिक? ही कल्पना तर फारच चांगली. मेलेला अगदी खरा वाटतो. संध्याकाळपर्यंत राहील ना? माझ्या माणसांना दाखवायचा आहे."

मी एक डोळा किंचित उघडला. पोरगी माझ्याकडे पाहत होती. तिचा बापही पाहत होता. मी डोळा मिटून घेतला.

उरलेला दिवसभर लोक येत राहिले. फोटो काढले. एका लेकराने माझ्या नाकात गवताची काडी घातली. सलीम समोर खुर्ची टाकून बसला आणि फुर्र फुर्र चहा प्यायला. आमच्या गल्लीतले दोघे आले.

"हे आपले नामदेवराव दिसून राह्यले ना बे?"

"ह्या! नामदेवराव इतका वेळ गप्प बसतात काय?"

आणि ते पटून दोघे पुढे गेले.

संध्याकाळी साहेब आपल्या माणसांना दाखवून निघाले. पोरीच्या बापाने त्यांचा पत्ता नीट घडी करून खिशात ठेवला. कार्यालयातले दिवे एकेक करून मालवले. पोरगी माझ्याजवळ येऊन वाकली.

"उठा आजोबा. फिटलं."

मी उठलो.